पहिला स्पीडरन: कॅटेगरी ठरवण्यापासून बोर्डावर वेळ लागेपर्यंत

स्पीडरन म्हणजे ठरलेल्या नियमांत, घड्याळ लावून, एखादा गेम कमीत कमी वेळात संपवणं. हात चांगला असलेली मंडळीही पहिला रन बोर्डावर, म्हणजे सगळ्यांच्या वेळा क्रमानं लावलेल्या यादीवर, पाठवतात आणि तो परत येतो. खेळ कमी पडला म्हणून परत येणारे रन थोडे. बहुतेकांत व्हिडिओला आवाज नसतो, गेमची आवृत्ती चालणारी नसते, घड्याळ भलत्याच क्षणी सुरू झालेलं असतं किंवा सरावाचं मॉड (गेममध्ये बदल करणारी बाहेरची जोड) काढायचं राहिलेलं असतं. थोडक्यात, गेम सुरू व्हायच्या आधीच रन बाद झालेला असतो. म्हणून इथे निम्म्याहून जास्त जागा तयारीला दिली आहे. टप्पे दिलेल्या क्रमानंच घ्या. सराव आधी आणि नियम नंतर, असं केलं की महिनाभराचा सराव वाया जातो.

उदाहरणासाठी बहुतेक ठिकाणी सेलेस्ट हा २०१८ चा गेम घेतला आहे. साध्या लॅपटॉपवर तो चालतो, स्पीडरनचं घड्याळ गेममध्येच आहे आणि त्याचे नियम नवख्यालाही समजतात.

## टप्पा १: आधी गेम, मग कॅटेगरी

गेम निवडताना तीन गोष्टी बघा. तो तुम्ही एकदा तरी घड्याळाशिवाय पूर्ण खेळलेला हवा. तुमच्या आजच्या वेगानं पूर्ण रन साधारण तासाभरात बसायला हवा. आणि तुमच्या मशीनवर तो ६० फ्रेमवर, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांनी, न अडखळता चालायला हवा. गाजलेला गेम निवडायची घाई नको. आठ तासांच्या गेमचा रन शिकायला बसलेला माणूस दुसऱ्या आठवड्यात गायब होतो.

आता कॅटेगरी. ‘हे असं भिंतीतून घुसून जाणं म्हणजे गेम खेळणं आहे का?’ हा वाद इथेच मिटवून टाका, नाहीतर पुढे प्रत्येक टप्प्यावर तो डोकं वर काढतो.

मेंढीकोट आठवा. एका घरी बंद हुकूम, दुसऱ्या घरी कट हुकूम. गल्ली क्रिकेटमध्ये एका कॉलनीत एक टप्पा एक हात आउट, पलीकडच्या कॉलनीत गच्चीवर चेंडू गेला की आउट. यातलं ‘खरं’ कोणतं, असं कुणी विचारत नाही. डाव सुरू होण्याआधी काय ठरलं, एवढंच बघतात. स्पीडरनमध्ये ते ठरवण्याचं काम कॅटेगरी करते.

सुपर मारिओ ६४ मध्ये गेम बनवणाऱ्यांनी शेवटच्या जिन्याला ७० ताऱ्यांची अट घातली. तेवढे तारे नसतील तर जिना संपतच नाही. पण पाठमोरी लांब उडी पायऱ्यांवर पुन्हा पुन्हा मारली की मारिओचा उलटा वेग वाढत जातो आणि तो त्या जिन्यातून आरपार निघतो. म्हणून त्याच बोर्डावर शून्य तारे, एक तारा, १६, ७० आणि १२० तारे अशा वेगवेगळ्या कॅटेगऱ्या आहेत. शून्य ताऱ्यांचा रन करणारा लबाड नाही आणि १२० वाला जास्त सज्जन नाही. दोघांचे डाव वेगळे आहेत. पोर्टलमध्येही नकाशाबाहेर जायची मुभा असलेली कॅटेगरी वेगळी, नकाशातच राहायची वेगळी आणि ग्लिचशिवायची वेगळी.

मग फसवणूक कशाला म्हणायचं? ठरलेला नियम लपून मोडण्याला. ग्लिच हा गेमच्या आतला दोष असतो. तो ज्या आवृत्तीत आहे त्या आवृत्तीत प्रत्येकाला वापरता येतो आणि व्हिडिओत सगळ्यांना दिसतो. गेमची फाइल बदलून नशीब वाढवून घेणं, दोन रनचे तुकडे जोडून एक दाखवणं, गेम हळू चालवून रेकॉर्डिंग वेगात लावणं, ही फसवणूक. डिसेंबर २०२० मध्ये माइनक्राफ्टच्या एका गाजलेल्या रनरचे रन बोर्डावरून काढले गेले, कारण त्याला मिळालेल्या वस्तूंचं प्रमाण नशिबाच्या कुठल्याच हिशेबात बसत नव्हतं. पुढे त्यानं मॉड चालू असल्याचं मान्यही केलं. तो रन दिसायला मात्र अगदी ‘बरोबर पद्धतीनं’ खेळलेला होता.

पहिल्या कॅटेगरीबद्दल आमचं मत: गेमची मुख्य एनी पर्सेंट कॅटेगरी घ्या, म्हणजे काहीही करून शेवट गाठायचा. नवखे लोक ‘ग्लिचलेस’ सोपी समजून तिकडे वळतात. पण सगळ्यांत लांबलचक नियम ग्लिचलेसचेच असतात, कारण प्रत्येक करामत ग्लिच धरायची की कौशल्य, हे तिथे एकेक करून ठरवलेलं असतं. नकळत एखादी बंद करामत वापरली की रन गेला. एनी पर्सेंटमध्ये अवघड ग्लिच येत नसेल तर तो वगळून सरळ रस्त्यानं खेळा. वेळ जास्त लागेल, रन वैध राहील.

सावधान: ज्या व्हिडिओवर भाळून तुम्ही कॅटेगरी निवडली, तो माणसानं खेळलेला आहे ना, हे बघून घ्या. टॅस नावाचा प्रकार असतो. त्यात एकेक फ्रेम थांबवून आज्ञा भरलेल्या असतात. ते बघायला भारी, पण शिकायला घेतलं तर पदरी निराशाच.

## टप्पा २: नियम वहीत उतरवा

स्पीडरन डॉट कॉमवर, म्हणजे जिथे हे बोर्ड असतात त्या साइटवर, गेमचं पान उघडा, कॅटेगरी निवडा आणि नियम पूर्ण वाचा. आधी संपूर्ण गेमचे नियम, मग त्या कॅटेगरीचे. दोन्ही वेगळ्या ठिकाणी असतात आणि बहुतेकांचं एक वाचायचं राहतं. मग या प्रश्नांची उत्तरं स्वतःच्या शब्दांत वहीत लिहा:

१. घड्याळ नेमक्या कोणत्या क्षणी सुरू होतं? ‘न्यू गेम’चं बटण दाबल्यावर, की पात्र हलवता येऊ लागल्यावर?
२. कोणत्या क्षणी थांबतं? शेवटच्या फटक्याला, की पडदा काळा झाल्यावर?
३. कोणती वेळ धरतात? खऱ्या घड्याळाची, गेमच्या आतल्या घड्याळाची, की लोडिंग वजा केलेली?
४. गेमच्या कोणत्या आवृत्त्या आणि कोणती उपकरणं चालतात? एम्युलेटर (संगणकावर कन्सोलची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) चालतो का, आणि कोणता?
५. कोणती मॉड चालतात? टर्बो बटण (आपोआप भराभर दाबलं जाणारं) आणि मॅक्रो (एका कळेवर बसवलेली बटणांची मालिका) सहसा कुठेच चालत नाहीत.
६. व्हिडिओत काय दिसलंच पाहिजे? गेमचा आवाज, सुरुवातीची रिकामी सेव्ह फाइल, शेवटचा वेळेचा पडदा, कधीकधी हातही.

चौथ्या प्रश्नावर घाई करू नका. सुपर मारिओ ६४ ची शिंदो नावाची आवृत्ती १९९७ मध्ये जपानात आली, आणि तिच्यात ती पाठमोरी उडी बंद केलेली आहे. तुमच्याकडे तीच असेल तर वर्षभर जिन्यावर उड्या मारा, वरच्या मजल्याची जत्रा दिसायची नाही. जुन्या कन्सोलमध्ये आणखी एक गोची आहे. आपल्याकडचे जुने टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० पडदे दाखवणारे. अमेरिका आणि जपानचे ६० वाले. जुळवून न घेतलेला गेम पाल कन्सोलवर साधारण १७ टक्के हळू चालतो. नाशिकच्या मेन रोडवरून कधीकाळी आणलेला, टीव्हीला लावायचा कॅसेटवाला गेम माळ्यावर पडला असेल तर तो बहुधा नक्कल कन्सोल आहे. त्याच्या आतल्या घड्याळाचा वेग मूळ कन्सोलशी जुळेलच असं नाही. त्यावर मजा करा, पण बोर्ड तो मान्य करतं का, हे सरावाआधी विचारा.

तपासणी: वही मिटून मित्राला सांगून बघा: घड्याळ कधी सुरू, कधी बंद, काय चालत नाही. मधे अडखळलात तर परत वाचा.

## टप्पा ३: मशीन, वीज आणि रेकॉर्डिंग

रेकॉर्डिंगसाठी ओबीएस स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. थेट प्रक्षेपण करायची गरज नसते. मशीनवर रेकॉर्ड करून नंतर चढवलेला व्हिडिओ चालतो. नाशिकमध्ये तेच शहाणपणाचं आहे, कारण रस्त्याच्या एका खोदकामात फायबर तुटली की प्रक्षेपण मधेच मरतं. स्वतःच्या डिस्कवरच्या रेकॉर्डिंगला इंटरनेटचा पत्ताही लागत नाही.

ओबीएसमध्ये एवढं लावा:

- रेकॉर्डिंगचा प्रकार एमकेव्ही. साध्या एमपी४ मध्ये फाइलची सूची शेवटी लिहिली जाते. मधेच लाइट गेली की अख्खी फाइल उघडत नाही. एमकेव्ही वीज जाईपर्यंतचं सगळं राखते. नंतर फाइल मेन्यूतल्या ‘रीमक्स रेकॉर्डिंग्ज’नं दोन मिनिटांत एमपी४ करून घ्या.
- फ्रेम ६०. गेम ६० चा आणि रेकॉर्डिंग ३० चं असेल तर निम्म्या फ्रेम व्हिडिओत नसतातच, आणि वेळ मोजताना त्याचा त्रास होतो.
- बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती माहिती साठवायची तो आकडा, ६००० च्या आसपास. हिशेब सोपा आहे: ६००० किलोबिट म्हणजे सेकंदाला पाऊण एमबी, मिनिटाला ४५ एमबी, तासाला सुमारे २.७ जीबी. लॅपटॉप जुना असेल तर चित्र ७२० वर आणा आणि बिटरेट ३००० करा, पण फ्रेम ६० च ठेवा.
- एन्कोडर (चित्र दाबून फाइलमध्ये बसवणारा भाग) ग्राफिक्स चिपचा निवडा, म्हणजे प्रोसेसरवर भार येत नाही आणि गेम अडखळत नाही.
- गेमचा आवाज चालू, माइक बंद किंवा वेगळ्या ट्रॅकवर. ब्लूटूथ हेडफोन जोडले की विंडोज आवाजाची वाट बदलतं आणि ओबीएस जुन्याच वाटेवर कान लावून बसतं. मुक्या व्हिडिओंचं एक नेहमीचं कारण हेच.

मग दहा मिनिटं खेळून ओबीएसची ‘स्टॅट्स’ खिडकी बघा. चित्र काढण्यात आणि एन्कोड करण्यात सुटलेल्या फ्रेमचे दोन आकडे तिथे दिसतात. दोन्ही शून्य किंवा शून्याच्या जवळ हवेत.

विजेचं वेगळं सांगायला हवं. डेस्कटॉप घरच्या इन्व्हर्टरवर असेल तर इन्व्हर्टरच्या मागे किंवा बाजूला यूपीएस आणि इको असा खटका आहे का, ते बघा. इकोवर असेल तर वीज बदलताना क्षणभर खंड पडतो. पंख्याला तो कळत नाही, पण संगणक रीस्टार्ट होतो. खटका यूपीएसवर ठेवा. लॅपटॉपचं दुखणं वेगळं. लाइट गेल्यावर तो चालू राहतो, पण बॅटरीवर गेला की अनेक लॅपटॉप वेग कमी करतात आणि गेम अडखळू लागतो. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये बॅटरीसाठीही पूर्ण क्षमता लावा आणि त्या अवस्थेत एकदा खेळून बघा. पावसाळ्यात रन करणार असाल तर हे आजच करून टाका.

एप्रिल-मेच्या दुपारी लॅपटॉप गादीवर ठेवून रन करू नका. तापला की तो स्वतःच वेग उतरवतो. टेबलावर ठेवा, मागची बाजू दोन इंच वर उचला, किंवा सरळ रात्री दहानंतर बसा. थंडीत उलटं. डिसेंबर-जानेवारीत इथला पहाटेचा पारा दहाच्या खाली जातो आणि बोटं लाकडासारखी होतात. कोमट पाण्यात दोन मिनिटं हात, मग नीट पुसून कंट्रोलर.

टीव्हीवर खेळत असाल तर त्याचा ‘गेम मोड’ चालू करा. नाहीतर बटण दाबल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंतची दिरंगाई जाणवण्याइतकी असते. कंट्रोलर तारेचा असेल तर उत्तम, ऐन रनमध्ये बॅटरी संपायची भानगड नाही.

सायबर कॅफेत खेळणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. तिथल्या अनेक मशीनवर रीस्टार्ट होताच सगळं पुसणारं सॉफ्टवेअर असतं. रेकॉर्डिंग सरळ पेन ड्राइव्हवर जाऊ द्या आणि उठण्याआधी ते उघडून बघा.

तपासणी: पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग करून ते दुसऱ्या उपकरणावर, म्हणजे मोबाइलवर, उघडा. चित्र आहे, आवाज आहे, अडखळत नाही. तिन्ही असेल तरच पुढे.

## टप्पा ४: घड्याळ लावणं

विंडोजवर लाइव्हस्प्लिट हे मोफत घड्याळ चालतं. उजवी क्लिक करून ‘एडिट स्प्लिट्स’ उघडा, गेमचं आणि कॅटेगरीचं नाव निवडा. त्या गेमसाठी ऑटो स्प्लिटर (टप्प्यांच्या वेळा आपोआप टिपणारी सोय) असेल तर तिथेच तो चालू करायची सोय दिसते. सेलेस्टसाठी आहे. तो गेममधली वेळ स्वतः वाचतो. मात्र मग ‘कम्पेअर अगेन्स्ट’मध्ये ‘गेम टाइम’ निवडायला विसरू नका, नाहीतर एक घड्याळ गेमचं आणि दुसरं भिंतीचं अशी खिचडी होते.

स्प्लिट म्हणजे मधले टप्पे. सेलेस्टच्या एनी पर्सेंटला प्रस्तावना आणि सात अध्याय मिळून आठ पुरेत. नवखे लोक पस्तीस-चाळीस स्प्लिट करतात आणि गेमपेक्षा घड्याळाकडे जास्त बघतात. स्प्लिट नेहमी ठळक क्षणाला ठेवा: पडदा काळा होणं, दार बंद होणं. ‘साधारण पुलाजवळ’ असं ठेवलं तर रोज वेगळ्या जागी बटण दाबलं जाईल आणि तुलना निरर्थक ठरेल.

मूळ बटणं नंबरपॅडवर असतात: १ ने सुरू आणि स्प्लिट, ३ ने रिसेट, ८ ने चुकलेला स्प्लिट मागे, २ ने स्प्लिट वगळणं. लहान लॅपटॉपला नंबरपॅड नसतो, तेव्हा बदलून एफ-कळा लावा, पण गेम वापरत नाही अशाच. ‘ग्लोबल हॉटकीज’ चालू केलं नाही तर गेम समोर असताना बटण दाबलेलं घड्याळाला ऐकूच जात नाही. ‘माझं लाइव्हस्प्लिट बिघडलंय’ असं सांगत येणाऱ्यांना हे आधी विचारावं.

आणि हो, लाइव्हस्प्लिट स्प्लिटची फाइल बंद करतानाच जतन करायला विचारतं. मधे लाइट गेली की त्या दिवसाचे सगळे प्रयत्न गेले. दर अर्ध्या तासानं उजवी क्लिक, ‘सेव्ह स्प्लिट्स’.

## टप्पा ५: रूट ठरवणं

रूट म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोणत्या वाटेनं आणि कोणत्या करामती करत जायचं, तो आराखडा. बोर्डावरच्या पहिल्या क्रमांकाचा रन एकदा बघा आणि बाजूला ठेवा. शिकायला मधल्या फळीतल्या दोन-तीन जणांचे रन घ्या. पहिल्या क्रमांकावरचा माणूस दोन सेकंदांसाठी जो धोका पत्करतो, तो तुम्ही पत्करायची गरज नाही. मधला रनर त्याच जागी सुरक्षित वाट घेतो, आणि ती वाट तुमच्या कामाची.

प्रत्येक करामतीला एक साधा हिशेब लावा. समजा एका करामतीनं ४ सेकंद वाचतात आणि ती फसली तर २० सेकंद जातात. ती रूटमध्ये घ्यायची असेल तर सहापैकी पाच वेळा, म्हणजे ८३ टक्क्यांहून जास्त वेळा, जमली पाहिजे. त्याखाली ती तोट्यात जाते. दहापैकी सात वेळा जमते म्हणून छाती फुगवून ती रूटमध्ये घेणारे दर रनमागे सरासरी ३.२ सेकंद घालवत असतात.

शिवाय सगळ्या करामती एका रनमध्ये ओळीनं जमायला हव्यात. प्रत्येकी ८० टक्के खात्रीच्या पाच करामती ओळीनं जमण्याची शक्यता ३३ टक्के. ६० टक्के खात्रीच्या असतील तर जेमतेम ८, म्हणजे तेरा प्रयत्नांत एक. म्हणून पहिल्या रूटमध्ये अवघड करामती दोनपेक्षा जास्त नकोत.

वाचलेला प्रत्येक क्षण शेवटी हाती लागतोच असंही नाही. १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये पातळी संपल्यावर पुढची पातळी कधी सुरू करायची, हे गेम दर २१ फ्रेमनी एकदाच तपासतो, म्हणजे साधारण ०.३५ सेकंदांनी. त्र्यंबकेश्वरला दर्शनबारीत एकेक घोळका आत सोडतात तसं. घोळका आत गेल्यावर तुम्ही दाराशी आधी पोचा की जरा नंतर, पुढचा घोळका सुटेपर्यंत उभंच राहायचं. अशा गेममध्ये पातळीच्या मधे ५ फ्रेम वाचवून बहुतेक वेळा हाती काहीच लागत नाही. तुमच्या गेममध्ये कुठे लोडिंग, लिफ्ट किंवा न टळणारे संवाद आहेत ते शोधा. त्यांच्या आधी धोका पत्करायचा की नाही, ते त्यावर ठरवा.

रूट एका पानावर उतरवा. प्रत्येक स्प्लिटखाली तीन-चार ओळी: मुख्य वाट, करामत, आणि ती फसली तर काय करायचं. तिसरी ओळ बहुतेकजण लिहितच नाहीत. मग करामत फसली की गोंधळून तिथेच दहा सेकंद उभे राहतात.

## टप्पा ६: सराव

सुरुवातीपासून शेवटपर्यंत रोज रन करत राहणं हा सगळ्यांत महाग सराव. पहिला अध्याय दोनशे वेळा होतो, शेवटचा पाच वेळा. आणि धडधड वाढते ती नेमकी शेवटच्या अध्यायात. म्हणून उलटं जा. आधी शेवटचा स्प्लिट, मग शेवटचे दोन, मग तीन.

एकेका तुकड्यासाठी अशी पायरी ठेवा: सलग पाच वेळा न चुकता जमला की तो तुकडा झाला. चौथ्यांदा चुकला तर मोजणी परत शून्यापासून. वहीत रेघा ओढा. सलग पाचची अट जाचक वाटते, पण रनमध्ये तुम्हाला ‘परत एकदा’ मिळणार नसतं.

सेलेस्टमधली वेव्हडॅश ही करामत उदाहरणाला घेऊ. डॅश म्हणजे पात्राची एका दिशेला वेगानं झेप. उडी मारा, हवेत असताना खाली-तिरका डॅश मारा, आणि जमिनीला टेकताक्षणी पुन्हा उडी. नीट जमला तर पात्र जमिनीलगत भर्रकन सुटतं. न जमण्याची कारणं साधारण तीनच. डॅश तिरका न जाता सरळ खाली गेला, म्हणजे अंगठ्यानं बाजूची दिशा सोडली. टेकायच्या आधीच उडीचं बटण दाबून सोडलं, म्हणजे उडी वाया. किंवा टेकल्यावर फार उशीर झाला आणि वेग संपला. कोणती चूक होते हे रेकॉर्डिंग हळू करून बघा. अंदाजानं सराव केला की चुकीचीच सवय पक्की होते. आधी सपाट जमिनीवर जागच्या जागी, मग खऱ्या खोलीत, मग त्या खोलीच्या आधीच्या खोलीतून पळत येऊन. तिसरी पायरी गाळली तर करामत सरावात जमते आणि रनमध्ये फसते, कारण रनमध्ये तुम्ही त्या जागी थांबलेले नसता.

गेमच्या असिस्ट मोडमध्ये वेग ५० टक्क्यांपर्यंत खाली आणता येतो. हाताला क्रम बसवायला तो चांगला, पण वेगळ्या सेव्ह फाइलवरच वापरा. स्पीडरन टूल नावाचं मॉड लावून कुठल्याही जागी परत परत जाता येतं. तेही सरावापुरतं.

सावधान: सरावाचं मॉड लावलेला गेम आणि रनचा गेम दोन वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. ‘रनच्या आधी काढीन’ हे कुणाच्याच लक्षात राहत नाही.

दिवसाला पाऊण तास पुरतो: दहा मिनिटं हात मोकळा करायला, पंचवीस मिनिटं एकाच तुकड्यावर, दहा मिनिटं मोकळा खेळ. मनगट दुखायला लागलं तर थांबा. दुखतंय तसंच रेटून कुणाचा हात सुधारलेला नाही.

## टप्पा ७: रनची बैठक

पहिले दहा रन रिसेट न करता पूर्ण करा, कितीही चुकलं तरी. यातून दोन गोष्टी मिळतात: प्रत्येक स्प्लिटची खरी वेळ, आणि चूक झाल्यावर सावरायची सवय. दुसऱ्या मिनिटाला रिसेट मारत बसणाऱ्याला शेवट कसा दिसतो हेच ठाऊक नसतं. दहा रन झाले की रिसेटची मर्यादा आधीच ठरवा, उदाहरणार्थ ‘तिसऱ्या स्प्लिटला ३० सेकंद मागे असलो तर रिसेट’. बैठकीत चिडून ती बदलायची नाही.

लाइव्हस्प्लिटमधला ‘सम ऑफ बेस्ट’ म्हणजे तुमच्या प्रत्येक स्प्लिटच्या सर्वोत्तम वेळांची बेरीज. त्याला उद्दिष्ट समजू नका. सगळं एकाच दिवशी जमत नाही.

बैठकीआधी, याच क्रमानं: मोबाइल ‘डू नॉट डिस्टर्ब’वर. विंडोजच्या सूचना आणि अपडेट बंद. डिस्कवर किमान १० जीबी जागा. घरच्यांना सांगून ठेवणं, कारण ‘जरा सिलिंडरवाल्याला पैसे दे’ ही हाक शेवटच्या अध्यायातच येते. मग ओबीएस रेकॉर्डिंग सुरू, त्यानंतर गेम सुरू, आवृत्तीचा आकडा पडद्यावर दोन सेकंद दिसू द्या, रिकामी सेव्ह फाइल दाखवा, आणि मगच रन.

तपासणी: रेकॉर्डिंगचं लाल चिन्ह लागलंय? आवाजाची पट्टी हलतेय? सेलेस्टमध्ये पर्यायांतलं स्पीडरन घड्याळ चालू आहे?

रन संपल्यावर ओरडत खुर्चीवरून उठू नका. शेवटचा वेळेचा पडदा दहा सेकंद तसाच राहू द्या, मग रेकॉर्डिंग थांबवा.

## टप्पा ८: वेळ पुन्हा मोजा

बोर्ड गेमच्या आतली वेळ धरत असेल तर हा टप्पा सोडा. खऱ्या घड्याळाची वेळ धरत असेल तर लाइव्हस्प्लिटवर विसंबू नका, कारण बटण हातानं दाबलेलं असतं.

व्हिडिओ यूट्यूबवर चढवून थांबवा. स्वल्पविरामाच्या कळेनं एक फ्रेम मागे, पूर्णविरामाच्या कळेनं एक फ्रेम पुढे जाता येतं. नियमातला सुरुवातीचा क्षण ज्या फ्रेमवर पहिल्यांदा दिसतो तिथे थांबा, उजवी क्लिक करून ‘कॉपी डीबग इन्फो’ घ्या आणि त्यातला ‘सीएमटी’ आकडा टिपा. शेवटच्या क्षणालाही तेच. समजा सुरुवात ५.२०० आणि शेवट २८८५.९१७. फरक २८८०.७१७ सेकंद, म्हणजे ४८ मिनिटं ०.७१७ सेकंद. ६० फ्रेमच्या व्हिडिओत एका फ्रेमची चूक ०.०१७ सेकंदाची, ३० च्या व्हिडिओत ०.०३३ ची.

मोबाइलवरचा गेम मोबाइलच्याच स्क्रीन रेकॉर्डरनं टिपला असेल तर सांभाळून. तो बहुधा ठराविक वेगानं फ्रेम घेत नाही, त्यामुळे फ्रेम मोजून वेळ काढली तर चुकते. तिथे सेकंदांचा फरकच घ्या.

## टप्पा ९: पाठवणं

पन्नास मिनिटांचा व्हिडिओ ६००० बिटरेटला सव्वादोन जीबी होतो. रोजच्या दीड-दोन जीबीच्या मोबाइल डेटात तो बसत नाही, अर्ध्यावर अडकतो. १० एमबीपीएस अपलोड मिळणाऱ्या ब्रॉडबँडवर साधारण अर्धा तास लागतो.

यूट्यूब खातं फोन नंबरनं पडताळलेलं नसेल तर १५ मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओ चढत नाही. हे आधीच करून ठेवा. व्हिडिओ ‘प्रायव्हेट’ ठेवला तर पडताळणाऱ्याला दिसतच नाही. ‘अनलिस्टेड’ किंवा ‘पब्लिक’ ठेवा. चढल्यावर लगेच दुवा पाठवू नका. ६० फ्रेमची प्रत तयार व्हायला वेळ लागतो, तोवर धूसर प्रतच दिसते. ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या साइटवर प्रक्षेपण केलं असेल तर तिथलं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप उडतं, म्हणून यूट्यूबवर प्रत हवीच. रन कापून, जोडून किंवा संगीत घालून सजवू नका. एक सलग तुकडा पाठवा.

अर्जात कॅटेगरी, उपकरण, गेमची आवृत्ती, वेळ आणि दुवा भरा. वेळेच्या रकान्यात मिनिटांच्या जागी तास भरणारे बरेच असतात, एकदा डोळे फिरवा. एम्युलेटर वापरला असेल तर लपवू नका. पडताळणारे ते ओळखतात, आणि लपवलेलं सापडलं की पुढचे रनही संशयानं बघितले जातात.

पडताळणी करणारे लोक बिनपगारी, स्वतःची नोकरी-शिक्षण सांभाळून हे काम करतात. काही दिवस लागतात, कधी आठवडे. चौथ्या दिवशी तगादा लावू नका. रन परत आला तर कारण लिहिलेलं असतं. ते वेळेबद्दल असेल तर पुन्हा मोजून, आकडे देऊन, एकदाच उत्तर द्या. आवाज, आवृत्ती किंवा मॉड असं कारण असेल तर वाद घालण्यात अर्थ नाही. त्या व्हिडिओचं काही होऊ शकत नाही. टप्पा ३ ची तपासणी परत करा आणि त्याच रूटवर नवा रन रेकॉर्ड करा. मूळ एमकेव्ही फाइल मात्र निकाल लागेपर्यंत पुसू नका. पडताळणाऱ्यानं मूळ फाइल मागितली आणि ती नसली, तर चांगला रनही तिथेच अडकतो.